ग्राहकाशी बॉट बोलला, नोटीस मला आली: धंद्यात एआय वापरताना जबाबदारी कोणाची?

मृदगंधा_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार. आमची छोटी यात्रा कंपनी आहे. मी, नवरा आणि ऑफिसातली नऊ माणसं. अष्टविनायक, कोकण दर्शन, वर्षातून दोनदा चारधाम. प्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे.

मागच्या दिवाळीपासून व्हॉट्सॲपवर एआय चॅटबॉट बसवला. रात्री अकराला कोणी विचारलं, "बसमध्ये पुढची सीट मिळेल का?" तर उत्तर मिळावं, एवढाच हेतू होता. सुरुवातीला खरंच सोय झाली.

महिन्याभरापूर्वी एका काकांनी बॉटला विचारलं, "सात दिवस आधी रद्द केलं तर पैसे किती परत मिळतील?" बॉटने स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, "७५ टक्के." काकांनी चारधामची दोन तिकिटं रद्द केली. प्रत्येकी ३८,००० रुपये. आमच्या छापील अटींनुसार सात दिवस आधी २५ टक्केच परत मिळतात, म्हणजे १९,०००. बॉटच्या हिशेबाने ५७,०००. फरक ३८,००० रुपयांचा. काकांनी वकिलाची नोटीस पाठवली आहे, पंधरा दिवसांची मुदत आहे.

शोध घेतल्यावर कळलं की बॉटला दिलेल्या फोल्डरमध्ये २०१९ची एक जुनी पीडीएफ राहून गेली होती, एकदिवसीय सहलींच्या अटींची. त्याने आकडा तिथून उचलला. बॉट बसवून देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, करारातच आहे, उत्तरांच्या अचूकतेची हमी नाही." करार काढून वाचला. खरंच तसं आहे. शिवाय काहीही झालं तरी त्याची जबाबदारी एका महिन्याच्या फीपुरती. ती फी ४,५०० रुपये आहे.

नवरा म्हणतो, अटी छापील आहेत, काकांनी वाचायला हव्या होत्या. मला ते पटत नाही. उत्तर आमच्या नंबरवरून गेलं, आमच्या नावाने गेलं. पण कायदा काय म्हणतो? आणि तुमच्यापैकी धंद्यात एआय वापरणाऱ्यांना असे काय काय अनुभव आले? सविस्तर लिहा, माझ्यासारख्या अनेकांना लागेल.

---

साधा_माणूस

ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. भारतात एआयचा कायदाच नाही अजून. बॉटच्या खाली एक ओळ टाका, "ही उत्तरं यंत्राची आहेत, चुका असू शकतात." विषय संपला. काकांना २५ टक्के देऊन टाका.

---

दिवाणी_दावा

मी जिल्हा न्यायालयात आणि ग्राहक आयोगात वकिली करतो. साधा_माणूस यांनी लिहिलं ते मी रोज ऐकतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एआयचा स्वतंत्र कायदा नाही हे खरं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआयविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तूर्त नवा कायदा न आणता आहेत तेच कायदे लावायचे, असाच त्यांचा रोख आहे. आणि आहेत ते कायदे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ पुरतात.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याचं कलम ११ बघा. इलेक्ट्रॉनिक संदेश कोणाचा मानायचा, हे त्यात सांगितलंय. माणसाने स्वतः पाठवला तर त्याचा. त्याने अधिकार दिलेल्या माणसाने पाठवला तरी त्याचा. आणि तिसरं, त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी आपोआप चालेल अशी बसवलेली यंत्रणा असेल आणि तिने संदेश पाठवला, तरी तो त्याचाच. चॅटजीपीटी येण्याच्या बावीस वर्षं आधीची ही तरतूद आहे. मृदगंधाताई, तुमचा बॉट या तिसऱ्या खणात अगदी चपखल बसतो.

अशीच गोष्ट कॅनडात घडली. आजी वारल्यावर एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या बॉटला शोकसवलतीच्या भाड्याबद्दल विचारलं. बॉट म्हणाला, आधी तिकीट काढा, ९० दिवसांत अर्ज करा, फरक परत मिळेल. प्रत्यक्षात कंपनीचा नियम उलटा होता, प्रवास झाल्यावर सवलत मिळत नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल दिला. बॉट जणू स्वतंत्र व्यक्ती आहे, आपल्या बोलण्याला तो स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला होता. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. बॉट वेबसाइटचाच भाग आहे आणि वेबसाइटवरच्या सगळ्या माहितीला कंपनी जबाबदार आहे. भरपाई, व्याज आणि फी मिळून ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. रक्कम लहान, पण जगभरचे वकील आज हा निकाल वाचतात.

त्यात एक मुद्दा तुमच्या यजमानांसाठी आहे. एअर कॅनडाच्या दुसऱ्या पानावर खरा नियम होता, बॉटने त्याची लिंकही दिली होती. न्यायाधिकरणाने विचारलं, एकाच वेबसाइटवरचं एक पान बरोबर आणि दुसरं चूक, हे ग्राहकाने कसं ओळखायचं? छापील अटी विरुद्ध बॉट, हा तुमचा वाद नेमका हाच आहे.

तो निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांच्या व्याख्या प्रशस्त आहेत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. काका आयोगात गेले तर तुम्ही ३८,००० वाचवायला गेलात आणि त्याच्या वर मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च द्यावा लागला, असं होऊ शकतं. माझा सल्ला, फरक देऊन लेखी तडजोड करा. चॅटचा मूळ लॉग मात्र पुसू नका, तो तसाच जपून ठेवा.

डिस्क्लेमरबद्दल: अवश्य टाका. पण रक्कम, तारीख, परतावा अशा गोष्टी सांगायला तुम्हीच बॉटला बसवलं असेल, तर "त्याचं ऐकू नका" असं म्हणून सुटका होईल हे डोक्यातून काढा.

---

साधा_माणूस

कलम ११ माहीत नव्हतं. वाचलं आत्ता. शब्द मागे घेतो.

---

ताळेबंद

मी सांगलीत सीए आहे. या विषयाची आमच्या व्यवसायातली बाजू मला फार जवळून भिडली आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीच्या याचिकेवर निकाल दिला. प्राप्तिकराच्या फेसलेस निर्धारणात, म्हणजे समोरासमोर न भेटता ऑनलाइन होणाऱ्या कर-आकारणीत, अधिकाऱ्याने कंपनीचं उत्पन्न ३.०९ कोटींवरून २७.९१ कोटींवर नेलं होतं. त्यातल्या एका मोठ्या वाढीला आधार म्हणून तीन निवाडे दिले होते. कंपनीने शोधले, तर ते निवाडे अस्तित्वातच नाहीत. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि बजावलं की एआयच्या युगात यंत्रणेने दिलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबता येणार नाही, वापरण्याआधी पडताळा. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या एका आदेशातही असेच नसलेले निवाडे निघाले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला.

हे वाचून मला आनंद झाला नाही, पोटात गोळा आला. कारण त्याच आठवड्यात आमच्या आर्टिकलने (आमच्याकडे शिकाऊ म्हणून काम करणारा सीएचा विद्यार्थी) जीएसटीच्या एका कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर तयार केलं होतं. भाषा अप्रतिम. सहा निवाडे उद्धृत. मी सही करायला बसलो आणि सवयीने मूळ निकाल उघडायला गेलो. दोन सापडेचनात. तिसरा सापडला, पण त्यात न्यायालयाने आमच्या म्हणण्याच्या नेमकं उलट म्हटलं होतं. हा तिसरा प्रकार जास्त धोक्याचा. नसलेला निवाडा शोधताना लगेच कळतो. असलेला पण उलटा निवाडा उघडून पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.

त्या मुलाला मी रागावलो नाही. गाव सोडून आलेला, परीक्षेच्या तणावात असलेला मुलगा, त्याला यंत्राने कमी वेळात सुंदर काम करून दिलं. चूक माझी होती, मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. आता नियम केला आहे: निवाड्याचं नाव लिहिलं की त्याची मूळ प्रत फायलीला लावायची, आणि ज्या परिच्छेदाचा आधार घेतला त्याला पेन्सिलीने खूण करायची. प्रत नसेल तर निवाडा नाही.

मोठ्यांचंही हेच होतं. ऑस्ट्रेलिया सरकारला दिलेल्या साधारण ४.४ लाख डॉलरच्या अहवालात खोटे संदर्भ निघाल्यावर डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशांचा काही भाग परत करायचं कबूल केलं. तिथे डॉलर परत देऊन भागलं. आमच्यासारख्या लहान ऑफिसात अशिलाचं अपील हातचं गेलं, तर ते कशाने भरून देणार?

---

कोकणकडा

ताळेबंद, प्रतिसाद वाचून आमच्या ऑफिसात लगेच पाठवला. पेन्सिलीची खूण उद्यापासून आमच्याकडेही.

---

हिंजवडीकर

मी एचआरमध्ये आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्याकडे हजारो रिझ्युमे येतात, पहिली चाळणी सॉफ्टवेअर करतं. गेल्या वर्षी एका जागेसाठी निवडलेली यादी बघताना एका सहकारी बाईंच्या लक्षात आलं की तिशीच्या पुढच्या बायका जवळपास गायबच आहेत. खोदून बघितलं तर नोकरीत दोन वर्षांपेक्षा जास्त खंड असला की यंत्र गुण कापत होतं. खंड कोणाच्या नोकरीत पडतो? बाळंतपण, सासूसासऱ्यांचं आजारपण. "बायकांना वगळा" असं कोणी लिहिलं नव्हतं, तरी घडलं तेच.

वेतन संहिता २०१९ नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. सारख्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करायचा नाही, असं तिच्या कलम ३ मध्ये आहे. आधी १९७६चा समान वेतन कायदाही हेच सांगत होता. अपंगत्वासाठी २०१६चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९चा कायदा आहेच. "सॉफ्टवेअरने केलं" हे उत्तर यातल्या कुठल्याही कायद्यात मला सापडलं नाही.

अमेरिकेत तर प्रकरण पुढे गेलंय. आयट्यूटरग्रुप या शिकवणीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर ५५ वर्षांवरच्या बायका आणि ६० वर्षांवरचे पुरुष आपोआप नाकारत होतं. २०२३ मध्ये त्यांनी ३,६५,००० डॉलर देऊन तडजोड केली. वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवर कॅलिफोर्नियात खटला चालू आहे, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने चाळिशीपुढच्या अर्जदारांना एकत्र दावा चालवायला प्राथमिक परवानगी दिली. म्हणजे चाळणी वापरणारा आणि चाळणी विकणारा, दोघेही कोर्टात उभे राहू शकतात.

आम्ही तो निकष काढला. नाकारलेल्यांपैकी काही रिझ्युमे दर आठवड्याला माणसाने वाचायचे असंही ठरवलं. तीन जणींना परत बोलावलं, त्यातली एक आज माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. ज्यांना बोलावता आलं नाही त्यांचं काय, हा विचार अजून जात नाही.

---

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत, कोलोनजवळ राहतो. पुण्याच्या कंपन्यांशी रोजचं काम आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना.

युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अंमलात आहे, टप्प्याटप्प्याने लागू होतो. तो फक्त युरोपातल्या कंपन्यांना लागू आहे असा पुण्यात सर्रास समज दिसतो. तसं नाही. तुमच्या यंत्रणेतून निघालेला निष्कर्ष युरोपात वापरला जाणार असेल, तर तुम्ही बाणेरमध्ये बसलेले असलात तरी त्याच्या कक्षेत येता. काही गोष्टींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून थेट बंदी आहे, उदाहरणार्थ कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून कर्मचाऱ्याच्या भावना ओळखणं. बंदी मोडली तर दंड ३.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, जे जास्त असेल तो. गेल्याच वर्षी एका भारतीय पुरवठादाराने आम्हाला कॉल सेंटरसाठी नेमकं असंच "कर्मचाऱ्याचा मूड" दाखवणारं उत्पादन दाखवलं. मुलं हुशार होती, मेहनत डोळ्यांना दिसत होती. त्यांना कोणीच हे सांगितलेलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

हिंजवडीकर, भरतीची चाळणी इथे "उच्च जोखीम" गटात येते. या गटाच्या तारखा पुढे ढकलायचं युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुचवलं, पण ढकलल्या म्हणून निर्यातदारांनी स्वस्थ बसू नये. यंत्राने परस्पर निर्णय घेण्यावर बंधन घालणारा जुना माहिती संरक्षणाचा नियम आहेच. इथल्या शूफा या पतमापन संस्थेबाबत युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की बँक जर यंत्राने काढलेल्या गुणांवरच मुख्यतः विसंबून कर्ज नाकारत असेल, तर ते गुण काढणं हाच यंत्राने घेतलेला निर्णय. खाली एका कारकुनाने शिक्का मारला म्हणून तो माणसाचा होत नाही.

---

आवाजकुटी

मी व्हॉइस आर्टिस्ट. मृदगंधा, तुझा बॉट चुकून बोलला. माझ्या बाबतीत मी न बोललेलं माझ्या आवाजात बोललं गेलं. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या फोन यंत्रणेसाठी मी चारशे वाक्यं रेकॉर्ड केली होती. गेल्या वर्षी बहिणीने एक जाहिरात पाठवली. आवाज माझा, श्वास घ्यायची जागासुद्धा माझी, पण त्या औषधाचं नाव मी आयुष्यात उच्चारलेलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, तूच आहेस.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, परवानगीशिवाय एआयने आवाजाची नक्कल करायची साधनं उपलब्ध करून देणं हेच व्यक्तिमत्त्व हक्काचं, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्काचं, उल्लंघन ठरवलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने असं संरक्षण दिलं. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचा आवाज, चेहरा आणि त्यांचं ते "झकास"सुद्धा राखलं. ही नावाजलेली माणसं आहेत. माझ्यासारखीला कोर्टाची पायरी परवडत नाही, म्हणून धंदेवाल्यांनाच हात जोडून सांगते. तुमचा जाहिरातवाला "हुबेहूब अमुक बाईंचा आवाज स्वस्तात देतो" म्हणाला, तर परवानगीचा कागद मागा. कोर्टात नाव तुमच्या दुकानाचंही येणार. आणि फेब्रुवारी २०२६ पासून समाजमाध्यमांवर अशा कृत्रिम आवाज-चित्रफितींना ठळक लेबल सक्तीचं झालंय, तेही विसरू नका.

कलाकारांनो, करारात "सर्व तंत्रज्ञान, सर्व काळ" असे शब्द दिसले की सही करण्याआधी थांबा. मी थांबले नव्हते.

---

मृदगंधा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आवाजकुटी, आईचं वाक्य वाचून थांबलेच.

काकांना काल घरी जाऊन भेटले. ३८,००० दिले, वकिलांच्या सल्ल्याप्रमाणे दोघांच्या सह्या घेतल्या. काका म्हणाले, "मला पैशापेक्षा राग याचा आला की तुमच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर सांगितलं, ते मशीन आहे, आम्ही काय करणार." बॉट आता परतावा, तारखा आणि प्रकृतीबद्दल काहीही सांगत नाही, ऑफिसचा नंबर देतो. जुन्या पीडीएफ सगळ्या काढल्या.

पण हा धागा वाचून मी ऑफिसात बसून प्रत्येकाला विचारलं, तू एआय कशाला वापरतोस? तेव्हा दुसरीच गोष्ट बाहेर आली. आमच्या एका मुलीने चारधामची रूमिंग लिस्ट एका फुकट एआय साइटवर टाकली होती, कोणाला कोणाबरोबर खोली द्यायची ते लावून घ्यायला. ४४ प्रवासी. नाव, वय, फोन, आधार क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात आजार. शुगर, बायपास, फिट्स. एका काकूंचं तर असं काही, जे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. दिवाणी_दावा, आता काय करू?

---

दिवाणी_दावा

तुम्ही स्वतःहून विचारलंत, निम्मं काम तिथेच झालं.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तेव्हापासून अशी चुकून उघड झालेली माहितीही "भंग" धरली जाईल. प्रवाशांना आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. वाजवी सुरक्षा न ठेवल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. लहान धंद्याला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण लहान म्हणून सगळं माफ असंही समजू नका. आणि माहिती ज्या कंपनीला प्रवाशाने दिली तीच जबाबदार, पुढे प्रक्रिया कोणीही केली तरी.

मे २०२७ पर्यंत मोकळीक आहे असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि २०११चे नियम तोवर चालू आहेत. त्या नियमांत आजार आणि वैद्यकीय माहिती "संवेदनशील" गटात आहे. तुमचा शेवटचा रकाना म्हणजे तोच गट.

आज करायचं: त्या साइटवरचं ते संभाषण आणि अपलोड केलेली फाइल पुसायची विनंती, लेखी, स्क्रीनशॉट ठेवून. तिथे "माझ्या माहितीवरून मॉडेल शिकवा" अशी सेटिंग चालू असेल तर बंद. सायबर घटना सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सहा तासांत कळवायचा २०२२चा आदेश आहे, तुमचं प्रकरण त्यात बसतं का ते कागद बघून आजच सांगतो. पुढच्या यादीत आजाराचा रकाना वेगळ्या कागदावर, फक्त तुमच्याकडे आणि यात्रेच्या व्यवस्थापकाकडे. आणि त्या मुलीला कामावरून काढू नका. काढलंत तर बाकीचे आठ जण पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

---

शिकवणी_वर्ग

मृदगंधाताई, आमच्या क्लासमध्ये मुलांचे मार्क आणि पालकांचे फोन असेच टाकले जातात. या कायद्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय, पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. दहावीची २१० मुलं आहेत. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

---

मृदगंधा_ठाणे

मुलीला काढणार नाही, तीच रडत होती. फाइल पुसायची विनंती पाठवली.

कायद्याने आज सक्तीचं असो नसो, ४४ जणांना कळवायचं ठरवलं आहे. पत्र हाताने लिहिते आहे, एआयकडून नाही. ज्यांना वाचायला दिसत नाही अशा सात-आठ जणांना मी स्वतः फोन करेन. त्या काकूंकडे मात्र घरीच जाईन.

---

दिवाणी_दावा

मसुदा पाठवा, संध्याकाळी बघतो. पत्रात कोणाच्याही आजाराचं नाव येऊ देऊ नका, "प्रकृतीविषयी दिलेली माहिती" एवढंच लिहा. पाकीट घरातलं दुसरंच कोणी उघडू शकतं.